जोडासांकोची चूल

कोलकाता,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, ‘वाडा पाडावा की ठेवावा, एका शब्दात सांग.’ एका शब्दात सांगता आलं असतं तर तिथंच सांगून मोकळा झालो असतो. वाडा तुमचा, वाटण्या तुमच्या, पावसाळ्यात बादल्या मांडतो तोही तूच. मी दर दिवाळीला येऊन चौकात पाय पसरून चकल्या खाणारा आयतोबा. पण आज एक घर पाहून आलोय आणि दिवसभर तुझा वाडा डोक्यातून जात नाहीये.

कामासाठी इथं आलोय, रविवार मोकळा मिळाला. गिरीश पार्कला मेट्रोतून उतरलो आणि जोडासांकोची ठाकूरबाडी, म्हणजे रवींद्रनाथ टागोरांचं वडिलोपार्जित घर, विचारत निघालो. तिथे ‘टागोर’ म्हटलं की लोक जरा थांबून बघतात. ‘ठाकूर’ म्हटलं की बोट लगेच वळतं. जुना चितपूर रस्ता, आता रवींद्र सरणी. हातगाड्या, हमाल, कापडाचे गठ्ठे. त्यातून द्वारकानाथ टागोर गल्लीत शिरलो की आवाज मागे पडतो आणि समोर लालभडक इमारत, हिरव्या झडपांच्या खिडक्या. 1962 पासून इथं रवींद्र भारती विद्यापीठ आहे आणि राहत्या घराचं संग्रहालय झालंय.

दारातच चपला काढायला लावल्या. माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. अख्खं घर मी अंगठा आत दुमडून पाहिलं, हे तुला म्हणून सांगतो. फोटोलाही बंदी. आधी वैतागलो, पण त्यामुळे निदान नीट बघणं तरी झालं.

आत चौक. लेका, आपलाच चौक, फक्त दसपट मोठा. एका अंगाला कमानींचं ठाकूरदालन, म्हणजे देवीची जागा. पण रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ब्राह्मो (मूर्ती न मानणारा पंथ) झाले, मूर्तिपूजा थांबली आणि देवीच्या जागी उपासना सुरू झाली. धर्मावरून होणाऱ्या उलथापालथीची या घराला तशी आधीपासूनच सवय होती. देवेंद्रनाथांचे वडील द्वारकानाथ इंग्रज साहेबांबरोबर जेवायला लागले, तर त्यांच्या बायकोनं, दिगंबरीदेवींनी, शास्त्र्यांना विचारून त्यांच्याशी संसार तोडला. कामापुरतं बोलायचं आणि नंतर अंघोळ करायची. नवऱ्याचा मुक्काम मग शेजारच्या बैठकखान्यात. तुमच्याकडे थोरल्या काकांनी मधे भिंत घातली ती आठवली. कारण कांद्यालसणाचं होतं ना?

तो बैठकखाना म्हणजे पाच नंबरचं घर. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे चित्रकार भाऊ तिथले. त्यांचा दक्षिणेकडचा व्हरांडा नावाजलेला, तिथं बसून दोघं रंगवत. ते घर विकलं गेलं आणि पाडलं. आज आपण पाहतो तो सहा नंबर, म्हणजे उरलेला हिस्सा. ‘घर जतन केलंय’ असं आपण सरसकट म्हणतो, पण जोडासांकोचंही निम्मंच वाचलं.

वरच्या मजल्यावर खिडकीशी बराच वेळ उभा राहिलो. रवींद्रनाथांचं लहानपण नोकरांच्या हाती गेलं. त्यांतला श्याम नावाचा नोकर त्यांना एका जागी बसवायचा, भोवती खडूनं रेघ ओढायचा आणि रेघ ओलांडलीस तर बघ म्हणायचा. सीतेची गोष्ट माहीत असलेलं पोर, बसून राहायचं. खिडकीतून खालचं तळं आणि वडाचं झाड एवढंच दिसायचं. माझ्यापुढे एक शाळेची सहल होती. बाईंनी हीच गोष्ट सांगितली तर एक मुलगा लगेच फरशीवर बोटानं गोल काढून त्यात मांडी घालून बसला. रखवालदारानं शिट्टी मारली.

यानंतर माझे पाय रेंगाळले ते स्वयंपाकघराशी. रवींद्रनाथांच्या बायकोचं, मृणालिनीदेवींचं. चूल, काही भांडी, बस्स. लग्न होऊन आल्या 1883 साली, वय नऊ-दहा, नाव भवतारिणी. नाव इथं बदललं. रवींद्रनाथ स्वतः स्वयंपाकघरात येऊन बसायचे आणि नसते पदार्थ सुचवायचे. मानकचूच्या (आपल्या अळूच्या जातीचा कंद) जिलब्या कर म्हणाले. तिनं हसत हसत केल्या आणि त्या झाल्याही छान. 1902 मध्ये ती गेली, तिशीही गाठली नव्हती. चुलीशी उभं राहिलं की कवी, नोबेल वगैरे सगळं बाजूला पडतं. बाई जिलबी तळतेय आणि नवरा शहाणपणा शिकवतोय, एवढंच उरतं. मला तुझी आजी दिसली. चुलीच्या वैलावर दुधाचं पातेलं, आणि आपण दोघं साय पळवायला टपलेले.

आता गंमत ऐक. रवींद्रनाथांचे दोन नंबरचे भाऊ सत्येंद्रनाथ, आयसीएस झालेले पहिले भारतीय. नोकरीची सगळी वर्षं मुंबई इलाख्यात काढली आणि 1897 ला निवृत्त झाले ते तुझ्या साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून! तुकोबांचे अभंग बंगालीत नेले ते यांनीच. बायकोला, ज्ञानदानंदिनींना, मुंबईला न्यायचं ठरलं तेव्हा घरची सून पायी दाराबाहेर पडणार म्हणून गहजब झाला; शेवटी पालखीतून जहाजापर्यंत गेल्या. मुंबईत पारशिणींकडे पाहून साडी नेसण्याची नवी तऱ्हा उचलली आणि ती बंगालभर पसरवली. आणि 1878 साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ विलायतेला जाण्याआधी इंग्रजी सुधारायला मुंबईत राहिले ते आत्माराम पांडुरंग तर्खडांकडे, प्रार्थना समाजवाले ते. शिकवायला त्यांची लेक अन्नपूर्णा. तिनं नाव मागितलं, यांनी ‘नलिनी’ दिलं. बाकी तू काय ते समज.

शेवटची खोली सांगतो आणि थांबतो. 1941 च्या जुलैअखेरीस रवींद्रनाथांना शांतिनिकेतनहून इथं आणलं. 30 जुलैला शस्त्रक्रिया झाली ती इस्पितळात नाही, याच घराच्या व्हरांड्यात. त्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटची कविता सांगून लिहून घेतली. 7 ऑगस्टला दुपारी गेले. ज्या घरात जन्मले तिथंच. खोलीत पाहण्यासारखं फारसं काही नाही. सहलीतली मुलंही तिथं आपोआप गप्प झाली. मोठी दालनं, चीन-जपानचे फोटो, मानपत्रं मी भराभर उरकली. ती कुठल्याही संग्रहालयात असतात.

तर तुझा वाडा. नोबेलवाला कोणी तुमच्यात नाही, विद्यापीठ काही येणार नाही. ठेव म्हणायला माझ्या खिशातून एक कौलही जात नाही, म्हणून ठेव म्हणत नाही. पाडायचाच असेल तर पाड. पण बिल्डरच्या माणसांना किल्ली देण्याआधी आठ दिवस मला दे. फोटो काढता येईना तेव्हा मी तिकिटाच्या पाठीवर त्या स्वयंपाकघराचा आराखडा काढला. दार कुठं, चूल कुठं, उजेड कुठून. मग तुमचं आठवून शेजारी काढायला घेतलं, तर वैल डावीकडे होता की उजवीकडे, तेच आठवेना. पन्नास वर्षं येतोय रे मी तिथं!

तू आत्ता उठून बघ आणि कळव. आजीचं फडताळ कुणाच्या वाटणीला गेलं तेही लिही. मी पुढच्या शनिवारी येतोय, मीटरची टेप माझ्याकडे आहे. शिडी शेजाऱ्यांकडून मागून ठेव, माळ्यावर तुझ्या आजोबांच्या ट्रंका आहेत.

वहिनींना नमस्कार. संदेश (इथली मिठाई) आणतोय, पण उन्हात टिकले तर.

तुझा,
आयतोबा