मिटताना वाजणारा चाकू

शेंदूरजनाघाट, ता. वरुड, जि. अमरावती
संक्रांतीची कर

प्रिय गड्या,

तिळगूळ वेगळा पाठवतोय, तो पोहोचेल तेव्हा पोहोचेल. ही बातमी मात्र आजच कळवायची आहे. बाबांचा चाकू पुन्हा वाजायला लागला. पातं मुठीकडे वळवलं की शेवटच्या दोन बोटं अंतरावर ते आपणहून आत ओढलं जातं आणि 'टच्' होतं. वर्षभर हा आवाज घरात नव्हता.

बहिरमच्या जत्रेत तो घेतला तेव्हा तू सोबत होतास. आपल्या दोघांचं सगळं लक्ष रोडग्यांकडे आणि हंडीच्या वासाकडे, आणि बाबा लोखंडी सामानाच्या पालापुढे उकिडवे बसून एकेक चाकू कानाशी नेऊन मिटत होते. दुकानदार धार दाखवायला कागद कापत होता. बाबांनी तिकडे पाहिलंही नाही. "धार मी घरी लावीन, कमान मले लावता येत नाही," म्हणाले. तेव्हा मला वाटलं, म्हातारा उगाच वेळ काढतो आहे. त्या वाक्याचा अर्थ मला या महिन्यात कळला.

डोळे बांधायचं, म्हणजे संत्र्याची कलमं करायचं काम तू पाहिलं आहेस, पण हातात चाकू घेऊन केलेलं नाहीस, म्हणून लिहितो. जंभेरीची, म्हणजे ज्या लिंबाच्या जातीवर कलम करतात तिची, पन्हेरी (लहान रोपं) पेन्सिलीएवढी जाड झाली की जमिनीपासून वीतभर वर सालीत इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यायचा. डोळा जमिनीपासून उंच हवा, नाहीतर पुढे झाडाला डिंक्या रोग लागायची भीती. मग चांगल्या संत्र्याच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा एका ओढीत उतरवायचा, चाकूच्या पाठीनं साल उचकून तो आत सरकवायचा आणि पट्टीनं बांधायचा. बांधायला दोन्ही हात लागतात. म्हणून बाबांचा नियम होता, हातात पट्टी आली की चाकू मिटून खिशात. दिवसभरात चारशे-पाचशे वेळा तो चाकू उघडत आणि मिटत असे. दुसरे कलमवाले उघडा चाकू दातात धरायचे, बाबांनी ते कधी केलं नाही.

मागच्या हंगामापासून मिटणं ढिलं पडत गेलं. आधी आवाज गेला. मग पातं अर्ध्या वाटेत थांबायला लागलं, अंगठ्यानं दाबून आत बसवावं लागे. मी म्हटलं, जुना झाला. मार्गशीर्षात एक दिवस पन्हेरीच्या ओळीत वाकलो, तर पैरणीच्या खिशातच पातं बोटभर उघडलं होतं. चाकू काढायला हात घातला आणि टोक तर्जनीत गेलं. जखम मोठी नव्हती, पण मी बांधावर बसून राहिलो. या चाकूनं बाबांना इतक्या वर्षांत एकदाही कापलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी हातोडी घेतली होती. वाटलं, खिळा सैल झाला असेल, दोन ठोके देऊ. बरं झालं, लाईट गेली. तू असा चाकू कधी दुरुस्त करशील तर हे पहिलं लक्षात ठेव. मिटणं ढिलं म्हणजे खिळा ढिला असं नसतं. बहुतेक वेळा उलटंच असतं, सांध्यात पातं अडकत असतं आणि कमानीचा, म्हणजे मुठीतल्या स्प्रिंगचा, सगळा जोर त्या अडकण्यावर खर्च होतो. खिळा ठोकला की पातं आणखी आवळतं.

दुसऱ्या दिवशी चाकू उघडून रात्रभर रॉकेलच्या वाटीत ठेवला. सकाळी दात घासायचा जुना ब्रश आणि बाभळीचा काटा घेऊन बसलो. जे निघालं ते पाहून मला लाज वाटली. काळी माती, सालीचा चिकटा, खिशातली कापसाची तुसं, आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारा पिवळट, राळेसारखा थर. तो थर मीच घातला होता. मी सांध्यात जवसाचं तेल सोडत होतो. घरचं तेल, लाकडाला उत्तम, म्हणून लोखंडालाही चालेल असं धरून बसलो. पण जवसाचं तेल हवा लागली की वाळतं, पापुद्रा धरतं. दारंखिडक्यांच्या रंगात ते त्याच गुणासाठी घालतात. सांध्यात ते गेलं की सरसासारखं काम करतं.

दुसरी चूक त्याहून चांगल्या हेतूनं झाली. एका झाडाचा रोग चाकूवरून दुसऱ्या झाडाला जाऊ नये म्हणून मी पातं हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायला लागलो होतो. ते करायलाच हवं, आजही करतो. पण मी अख्खा चाकू बुडवत होतो, मुठीसकट. या पात्याचं पोलाद साधं आहे, न गंजणारं नाही. ते पाणी सांध्यात राहिलं आणि आत गंज धरला. गंज, माती आणि वाळलेलं जवस, तिन्ही मिळून खरकागद तयार झाला, आणि पात्याचं बूड वर्षभर त्याच्यावर घासत राहिलं.

साफ झाल्यावर पातं सरसर फिरायला लागलं. पण आवाज आला नाही. उघडल्यावर कमान ठाम धरत होती, मिटल्यावर मात्र नखानं पातं उचललं तर सहज उचललं जाई. मग मी चाकू घेऊन आपल्या लोहारदादांकडे गेलो.

त्यांनी चाकू डोळ्यासमोर आडवा धरला, तीन वेळा मिटला आणि म्हणाले, "कमान मेली नाही भाऊ, झोपली हाये." मग त्यांनी मला सांध्यातला खेळ दाखवला. इतकी वर्षं हातात असून मी तो पाहिला नव्हता. मुठीच्या पाठीत जी पोलादी पट्टी असते ती कमान. तिचं एक टोक खिळ्यांनी पक्कं, दुसरं मोकळं टोक पात्याच्या बुडावर दाब देत असतं. बुडाला दोन सपाट बाजू, एक उघडलेल्या स्थितीसाठी, एक मिटलेल्या. मध्ये गोलसर कोपरा. पातं फिरताना कोपरा कमानीला वर उचलतो, आणि कोपरा ओलांडला की कमान खाली येताना पात्याला ढकलून आत घेते. तो 'टच्' म्हणजे कमानीनं मारलेली शेवटची ढकल. या चाकूत कुलूप नाही, खटका नाही. बोट वाचतं ते फक्त या ढकलीमुळे. आमच्या चाकूची मिटतानाची सपाट बाजू घासून किंचित खोल गेली होती, त्यामुळे मिटल्यावर कमानीला दाबायला काही उरतच नव्हतं.

मी विचारलं, कमान तापवून वाकवायची का? त्यांनी मान हलवली. कमानीचं पाणी निळ्या रंगावरचं असतं, म्हणजे कडक केलेलं पोलाद साधारण 300 अंशांपर्यंत तापवून, त्यावर निळी झाक आल्यावर थांबवलेलं. भट्टीत ती त्यापुढे गेली तर मऊ पडते, वाकवली तशी वाकून राहते, उलटून येत नाही. त्यांनी खिळ्याचं डोकं कानशीनं घासलं, बारीक सुंब्यानं खिळे काढले आणि कमान ऐरणीवर आतली बाजू खाली करून ठेवली. मग गोल डोक्याच्या लहान हातोडीनं बाहेरच्या बाजूवर, मधल्या भागात, हलके हलके ठोके. जोरानं एकही नाही. मी मोजत होतो, चाळीसच्या पुढे गेलो आणि सोडलं. बाहेरची बाजू ठोक्यांनी केसभर लांबते, आतली तेवढीच राहते, म्हणून पट्टी आतल्या बाजूला वळते. मध्ये मध्ये ते ती मुठीच्या पट्टीवर ठेवून पाहत. तांदळाच्या दाण्याएवढा फरक पडला आणि त्यांनी हातोडी खाली ठेवली.

जोडताना खिळा नव्या पितळी तारेचा केला. डोकं ठोकण्याआधी पात्याच्या दोन्ही अंगांना जुन्या दिनदर्शिकेच्या कागदाच्या चिंध्या घातल्या, म्हणजे ठोकताना सांधा आवळून जाणार नाही. नंतर कागद रॉकेलमध्ये भिजवून ओढून काढला. केवढी साधी गोष्ट, आणि मला शंभर वर्षांत सुचली नसती. पैसे घेताना त्यांनी खळखळ केली. शेवटी आमच्या बागेतली अंबिया बहाराची शेवटची टोपलीभर संत्री दिली.

तुझ्याकडच्या त्या लाल स्विस चाकूचं काय चाललं आहे? त्यातही कमानीचाच खेळ आहे. कार्ल एल्सेनर यांनी 1897 मध्ये त्या चाकूची कायदेशीर नोंदणी केली, त्यात एकाच कमानीवर मुठीच्या दोन्ही अंगांची पाती चालतात ही मोठी गंमत होती. आधी मला ती फक्त सोय वाटायची. आता कमान ठोकताना पाहिल्यावर त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. तुझाही मिटताना कुरकुरत असेल तर गरम साबणाच्या पाण्यात उघड-मीट करून धू, पूर्ण वाळव आणि सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोड. एकच. जास्तीचं तेल पुन्हा धूळ धरतं. खोबरेल, जवस काही नको. मीही जवस आता फक्त शिसवाच्या मुठीला चोळतो, आणि औषधाच्या पाण्यात पात्याचं पुढचं अर्धंच बुडवून लगेच पुसतो.

काल रात्री जेवणं झाल्यावर ओसरीत बसून मी तो उगाच उघडत-मिटत होतो. आई आत वाती वळत होती. तिनं हात थांबवले, म्हणाली, "तुह्या बाबासारखाच आवाज करून राह्यला तू." मग पुन्हा वाती वळायला लागली.

बागा ताणावर आहेत, म्हणजे फुलं धरावीत म्हणून पाणी तोडलं आहे; पुढच्या आठवड्यात पाणी सोडू. फुलं लागतील तेव्हा ये, त्या वासात दोन रात्री झोप. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. येताना तुझा चाकू आण, पण विमानानं आलास तर तो मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या पिशवीत ठेवू नकोस. लोहारदादांना दाखवायचा आहे, दोन अंगांनी एक कमान कशी चालते ते त्यांना बघायचं आहे.

तुझाच,
भाऊ