दार्फुरच्या खटल्याविषयी आई-बाबांना

हेग, डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

शहात्तरीच्या म्हाताऱ्याला तुरुंगात ठेवून काय साधणार, असे आईने परवा फोनवर विचारले. बाबांची सारी हयात कोर्टात शिरस्तेदारीत गेल्यामुळे त्यांना पडलेला प्रश्न वेगळाच होता, की वॉरंटापासून निकालापर्यंत अठरा वर्षे का लागली? दोघांना मिळून हे उत्तर लिहीत आहे.

अली कुशायब हा सूदानमधील दार्फुरच्या जंजावीद टोळ्यांचा म्होरक्या. २००३ मध्ये बंड मोडण्याच्या नावाखाली सरकारने या टोळ्यांना हाताशी धरले आणि त्यांनी फुर लोकांची गावे जाळली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २००७ मध्ये वॉरंट काढले. पण या न्यायालयाला स्वतःचे पोलीस नाहीत आणि सूदान सरकार त्याला ताब्यात देईना. सूदानचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांची सत्ता गेल्यावर कुशायब मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात पळाला व जून २०२० मध्ये शरण आला. बाबा, तोवर पिंजऱ्यात उभा करायला आरोपीच नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या सुनावणीचा निकाल साडेतीन वर्षांत लागला, आणि आपल्याकडच्या तारखांविषयी तुम्हांला मी काय सांगावे!

प्रेक्षकांना काचेमागे हेडफोन लावून बसावे लागते. बहुतेक साक्षीदारांना नाव नसते, पडद्यावर चेहरा पुसट केलेला आणि आवाज बदललेला असतो, आणि गोपनीय साक्ष सुरू झाली की काचेवरचा पडदाच खाली येतो. आपण तो अली कुशायब नव्हेच, हा आरोपीचा मुख्य बचाव होता. न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि ऑक्टोबरमध्ये २७ आरोपांत त्याला दोषी ठरवले. दार्फुरमधील मुकजर येथे पकडलेल्या पुरुषांना गाड्यांत भरून गावाबाहेर नेले आणि पालथे झोपवून गोळ्या घातल्या. आई, हा माणूस नुसते हुकूम सोडत नव्हता, तर हातातल्या कुऱ्हाडीने स्वतः कैद्यांना मारत होता.

अभियोग पक्षाने जन्मठेप मागितली होती. शिक्षा झाली २० वर्षांची, आणि आजवरची कोठडी त्यातून वजा होईल. मला ती कमीच वाटते. याच न्यायालयाचे वॉरंट असलेल्या बशीरला तर सूदानने अजून सोपवलेलेच नाही, आणि जंजावीदमधूनच उभ्या राहिलेल्या रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाने निकालाच्याच महिन्यात दार्फुरमधील अल-फाशर शहर घेतले.

बाबांना हवे असल्यास निकालपत्रातील ओळख पटवण्याचा भाग मोठ्या अक्षरांत छापून पाठवते.

आपली,
मुक्ता