ईशाच्या इंग्रजीविषयी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

काल दादाचा फोन झाला. त्याच्या ईशाला बारावीनंतर इंग्रजी साहित्यात बी. ए. करायचंय, जोडीला व्यावसायिक लेखन शिकायचंय, आणि बाबा विचारतायत की हे घेऊन पोरगी पुढे करणार काय. प्रश्न रास्त आहे. फोनवर घाईत काहीतरी बोलण्यापेक्षा सविस्तर लिहिते. हे दोन्ही मी रोज शिकवते, त्यामुळे त्यातलं बरं-वाईट दोन्ही सांगू शकेन.

माझं मत आधीच सांगते. तिने हे जरूर करावं. मात्र कॉलेज निवडताना नावावर आणि इमारतीवर जाऊ नये. तिथे मुलांनी लिहिलेलं तपासून परत मिळतं का, आणि तेच पुन्हा लिहायला लावतात का, हे विचारावं. या शिक्षणाचा सगळा कस तिथेच आहे. तीन वर्षं नोट्स उतरवून पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलांना साधं अर्धं पान नीट लिहिता येत नाही, कारण त्यांचं लिखाण कधी कुणी ओळ न् ओळ वाचलेलंच नसतं.

पदवीची रचना आता बदलली आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, आणि चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास; प्रात्यक्षिक असेल तर ३०. मेजर म्हणजे मुख्य विषय इंग्रजी, त्याच्या जोडीला मायनर म्हणजे दुय्यम म्हणून दुसरा विषय, शिवाय व्होकेशनल स्किलचे पेपर. व्यावसायिक लेखन अनेक ठिकाणी याच खणात बसवलेलं असतं. ऑन जॉब ट्रेनिंगही असतं. ४ क्रेडिटचं असलं तर त्याचे १२० तास भरतात. ते प्रकाशनसंस्थेत, एखाद्या संस्थेच्या वार्षिक अहवालावर किंवा सॉफ्टवेअर कंपनीच्या डॉक्युमेंटेशन (माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या) विभागात झालं तर सोनंच. नुसता सहीशिक्का आणून तास भरले तर सगळं वाया. एका वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, पण त्यासाठी ४ क्रेडिटचा जादा कौशल्य-अभ्यासक्रम करावा लागतो आणि हातात फारसं काही येत नाही. त्या वाटेचा विचार नको. चौथं वर्ष केलं तर पुढचं एम. ए. एका वर्षात होतं.

मायनर म्हणून तिने अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा भूगोल घ्यावा. लिहायचं कसं ते इंग्रजी शिकवेल, पण कशाबद्दल लिहायचं हे दुसऱ्या विषयातून यावं लागतं.

आता साहित्याकडे वळते. बाबांना वाटतं तसा तो कथा-कवितांचा विरंगुळा नाही. रॉबर्ट ब्राउनिंगची १८४२ साली छापलेली ५६ ओळींची एक कविता जवळजवळ सगळीकडे शिकवतात. तिच्यात एक ड्यूक आपल्या दिवंगत पत्नीचं चित्र दाखवत बोलतो. समोरचा माणूस एकही शब्द बोलत नाही. तो नव्या लग्नाची बोलणी करायला आलेला दूत आहे, हे आपल्याला पार शेवटाकडे कळतं. आणि त्या दिवंगत पत्नीचं नेमकं काय झालं हे ड्यूक स्पष्ट म्हणतच नाही. पहिल्या वर्षाची मुलं उत्तरात लिहितात, 'ड्यूक गर्विष्ठ होता, त्याने पत्नीला मारलं.' ही गाइडमधली माहिती झाली, तिला गुण पडत नाहीत. प्रश्न असा असतो की हे तुम्हाला कुठल्या ओळीवरून वाटलं? तो वाक्य मध्येच तोडून विषय का बदलतो? लग्नाची बोलणी करायला आलेल्याला हे सगळं ऐकवण्यात त्याचा काय हेतू? मूळ मजकुरातल्या दोन ओळी घ्यायच्या, त्यांतला एकेक शब्द उलगडायचा, आणि मग आपलं म्हणणं त्यातून कसं निघतं ते दाखवायचं. कथानक सांगण्यात पान खर्ची घालणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. ती होते कारण मुलं मूळ कविता न वाचता सारांश वाचून येतात.

बोलतोय कोण, कुणाशी, कशासाठी, आणि काय झाकतोय? बाबा, तुम्ही पाटबंधारे खात्यात ठेकेदारांची पत्रं आणि खालून आलेल्या टिप्पण्या वाचताना हेच प्रश्न मनात ठेवत होतात. कवितेवर ही नजर तयार झाली की निविदा, तपासणी अहवाल, विमा पॉलिसी, सगळीकडे चालते. म्हणून साहित्य आणि व्यावसायिक लेखन ही जोडी मला मनापासून पटते.

व्यावसायिक लेखनात काय शिकवतात? अहवाल, प्रस्ताव, पत्रव्यवहार, संपादन, आणि यंत्रांची व सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं. त्यातलं शेवटचं मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे चूक लपत नाही. आई, तुझ्या स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरचंच घे. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: 'कार्ट्रिज बदलण्यात यावे व तत्पूर्वी पाणीपुरवठा बंद केल्याची खात्री करण्यात यावी.' वाचणारा पहिलं क्रियापद वाचून हात घालतो आणि पाणी अंगावर येतं. यात एकाच वाक्यात दोन कामं आहेत, आधीचं काम नंतर आलंय, आणि ते कुणी करायचं हे सांगितलेलंच नाही. सुधारून लिहायचं ते असं: '१. नळ बंद करा. २. टाकीतलं उरलेलं पाणी काढा. ३. झाकण डावीकडे फिरवून उघडा.' एका पायरीत एकच काम, आज्ञार्थी क्रियापद, आणि धोक्याची सूचना नेहमी कृतीच्या आधी. अटही आधी: 'लाल दिवा लागला असेल, तर...' विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाचं प्रमाण आहे. त्यात कृती सांगणारं वाक्य २० शब्दांपेक्षा मोठं चालत नाही, वर्णनाचं २५ पेक्षा मोठं नाही. मुलांना सुरुवातीला हे जाचक वाटतं, पण २० शब्दांत वाक्य बसवायचं म्हटलं की आपल्यालाच काय कळलेलं नाही ते उघडं पडतं.

लिहून झालं की चाचणी. ज्याला त्या वस्तूची काही माहिती नाही अशा माणसाच्या हातात कागद द्यायचा, गप्प उभं राहायचं, आणि तो अडखळतो तिथे खूण करायची. मध्ये बोलून मदत केली की चाचणी फुकट जाते. ज्या अभ्यासक्रमात ही चाचणी नाही, तो मी अपुरा समजते.

ईशा मराठी माध्यमातली, म्हणून वहिनीला धास्ती आहे. पहिलं सत्र जड जाईल हे खरं. मराठीत ए, अॅन, द यांच्यासारखं काही नाही, त्यामुळे ते सुटतात किंवा नको तिथे लागतात. 'आय अॅम नोइंग'सारखी क्रियापदं मराठीच्या वळणाने येतात. शब्दयोगी अव्यय घोटाळतं. उपाय साधा आहे. चुकांची एक वही ठेवायची, चुकीच्या प्रकारानुसार पानं करायची, आणि लिहिलेलं तपासताना एका वाचनात एकच प्रकार शोधायचा. सगळ्या चुका एकदम शोधायला गेलं की एकही सापडत नाही. शेवटचं वाचन मोठ्याने करायचं. भाषांतराचा पेपर असेल तर तिने तो सोडू नये. दोन्ही भाषा पक्क्या असणं हे तिचं भांडवल आहे.

बाबांचा दुसरा प्रश्न, आता संगणकच लिहितो, मग माणूस कशाला? शब्दाच्या दरावर भरताड मजकूर लिहून देण्याच्या कामाचा भरवसा आता धरू नये, हे मी स्पष्ट सांगते. पण इंजिनिअरकडून नेमकी माहिती काढणं, पायऱ्या स्वतः करून पाहणं, खोटा किंवा अर्धवट दावा पकडणं आणि मजकुराची जबाबदारी घेणं, यासाठी माणूसच लागतो. आणि हे करायला स्वतः लिहिता यावं लागतं. तयार उत्तरं मशीनकडून घेऊन जमा केली, तर फी भरून हेच शिकायचं राहतं.

पुढच्या वाटा थोडक्यात. शाळेत शिकवायचं तर बी. एड. कॉलेजात शिकवायचं तर एम. ए. ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट किंवा सेट यांपैकी एक पात्रता परीक्षा. नेटमध्ये १५० प्रश्न, ३०० गुण, ३ तास. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. याखेरीज प्रकाशन, संपादन, भाषांतर आणि टेक्निकल रायटिंग, म्हणजे वर सांगितलेली माहितीपत्रकं लिहिणं. त्यासाठी प्रमाणपत्रापेक्षा तिने केलेली चार-पाच कामं दाखवायला हवीत, प्रत्येकाचा पहिला आणि शेवटचा मसुदा शेजारी शेजारी ठेवून.

राज्याबाहेर जायचं असेल तर दिल्ली विद्यापीठासाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, हैदराबादचं इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठही उत्तम. घरी राहूनच करायचं ठरलं तर इग्नू हे मुक्त विद्यापीठ आहे. तिथे स्वाध्यायांना ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. बाजारात स्वाध्यायांची तयार उत्तरं विकायला असतात, त्यांना हात लावायचा नाही. दूरशिक्षणात लिहायचा सराव तेवढाच तर मिळतो.

आता तुम्ही दोघांनी करायचं ते. दादा कॉलेज बघायला जाईल तेव्हा त्याने विभागात चार गोष्टी विचाराव्यात: एका सत्रात किती लेखी कामं असतात, ती किती दिवसांत तपासून मिळतात, दुसरा मसुदा लिहून घेतात का, आणि एका वर्गात किती मुलं असतात. ऐंशी मुलांच्या वर्गात 'आम्ही सगळं बारकाईने तपासतो' असं कुणी म्हटलं तर तपासलेला एखादा कागद दाखवा म्हणावं. बाबा, तुम्ही तिच्याकडून दर रविवारी एक पान लिहून घ्या, इंग्रजीत नाही तर मराठीत. सोसायटीचा पंप कसा चालू करायचा, आईची बी. पी. ची मशीन कशी लावायची, असं काहीही. आणि आई, तू ते वाचून तसंच्या तसं करून बघ. जिथे अडशील तिथे लाल खूण कर, तिला सांगू मात्र नकोस. तिचं तिला शोधू दे.

दादाने दोन-तीन कॉलेजांचे अभ्यासक्रम मिळवले असतील तर पीडीएफ मला पाठवायला सांगा. कुठल्या पेपरात प्रत्यक्ष लेखनाला किती गुण ठेवलेत ते खुणा करून आठवडाभरात परत पाठवते. फॉर्म भरायची घाई त्याआधी करू नका.

तुमची,
माधवी