दूध तापव, आणि टेस्टआधी गहू सोडू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला, काल सकाळी परत वाचला, उत्तर फोनवर टाइप करायला घेतलं तर चार ओळींत मावेना म्हणून शेवटी हे पत्र लिहायला बसलो. चार महिन्यांपासून धान्य पूर्ण बंद, सकाळ-संध्याकाळ न तापवलेलं दूध, पोट हलकं, झोप छान लागते असं लिहिलंयस. तुला बरं वाटतंय हे वाचून खरंच आनंद झाला, कारण तुझ्या पोटाच्या कटकटी मी कॉलेजपासून बघतोय. पण शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीयस ती काही डोक्यातून जाईना. "आता घरात सगळे तेच दूध पितात." सगळे म्हणजे चार वर्षांची छोटी आणि सातव्या महिन्यातल्या वहिनी.

म्हणून आधी एवढं कर, बाकीचं पत्र मग सावकाश वाच. फ्रिजमध्ये आत्ता जे दूध आहे ते ढवळत ढवळत चांगलं वर येईपर्यंत तापव, लवकर गार कर आणि झाकून परत फ्रिजमध्ये ठेव. नंतर माझ्याशी हवं तेवढं भांड.

तू म्हणशील गोठा मी स्वतः बघितलाय, गायी धडधाकट आहेत, माणूस ओळखीचा आणि प्रामाणिक आहे. सगळं मान्य. पण ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा तो ओ१५७:एच७ नावाचा प्रकार आहे ना, तो गायीच्या आतड्यात राहतो आणि गायीला काहीही होत नाही, ती चरते, दूध देते, तिच्याकडे बघून कोणाला काही कळणार नाही. दूध काढताना शेणाचा कण, नुसता डोळ्याला न दिसणारा अंश जरी भांड्यात गेला तरी काम झालं, कारण या जंतूला आजार करायला फार संख्या लागतच नाही. दूध तपासल्याचा रिपोर्ट आहे म्हणशील? रिपोर्ट त्या दिवशीच्या त्या नमुन्याचा, उद्याच्या बादलीबद्दल तो काय सांगणार. आणि छोटीच्या वयात हा नुसत्या जुलाबांवर थांबेलच असं नाही, काही मुलांमध्ये त्यातून हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम होतो म्हणजे रक्तातल्या पेशी फुटायला लागतात आणि किडन्या बंद पडू शकतात, डायलिसिसपर्यंत वेळ येते. पाच वर्षांखालच्या मुलांना हा धोका सगळ्यात जास्त. जुलाबात रक्त दिसलं तर घरी कुठलीही गोळी देत बसू नका, तडक डॉक्टरकडे न्या.

वहिनींसाठी भीती वेगळ्या जंतूची आहे, लिस्टेरिया. बाकीचे बहुतेक जंतू फ्रिजमध्ये निदान मंदावतात, हा थंडीतही वाढत राहतो, म्हणजे "आम्ही लगेच फ्रिजमध्ये ठेवतो" याचा इथे काही उपयोग नाही. आईला जरासा ताप, अंगदुखी, बस तेवढंच, आणि पोटातल्या बाळाला मात्र जिवाचा धोका. हे लिहिताना हात थांबला होता माझा, पण न लिहून कसं चालेल.

तू लिहिलंयस की पाश्चराइझ केलं की दूध 'मरतं'. मरतात ते जंतू. ७२ अंशांवर १५ सेकंद तापवायचं, एवढंच असतं ते. त्यात कॅल्शियम जात नाही, प्रोटीन जात नाही, बी गटातली आणि सी व्हिटॅमिनं थोडी कमी होतात, आणि सी साठी दूध कोणी पितच नाही, मुळात त्यात ते नावापुरतं असतं. घरी तापवलं तर थोडं अजून जातं, तेही एकदाच तापवलं तर फार नाही. कच्च्या दुधात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवणारं एन्झाइम असतं असं तुला कोणीतरी सांगितलंय, ते नसतंच रे. ते आपल्या लहान आतड्यात तयार होतं, नाहीतर होत नाही. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी लॅक्टोज न पचणाऱ्या १६ मोठ्या माणसांना आळीपाळीने कच्चं आणि पाश्चराइझ केलेलं दूध देऊन बघितलं, कच्च्याने त्रास काही कमी झाला नाही. प्रयोग लहान होता, पण थेट याच प्रश्नावर होता.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूची आहे आणि ती लपवली तर मी तुझा मित्र कसला. युरोपात शेतावर वाढणाऱ्या मुलांचा मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला, त्यात कच्चं दूध पिणाऱ्या मुलांमध्ये दमा आणि ॲलर्जी कमी दिसली, आणि शेतावरचंच पण उकळलेलं दूध पिणाऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही. त्यामुळे दुधातले काही नाजूक प्रोटीन यात असावेत असा अंदाज आहे आणि तो मला पटण्यासारखा वाटतो. पण ज्यांनी हा अभ्यास केला त्यांनीच कच्चं दूध प्या असा सल्ला दिला नाही, जंतूंमुळे. दम्यापासून कदाचित थोडं संरक्षण मिळेल म्हणून छोटीच्या किडन्या पणाला लावायच्या, हा सौदा मी तरी करणार नाही.

ॲलिस इव्हान्सबद्दल तुला सांगायचंच होतं कधीतरी. अमेरिकेत सरकारी डेअरी विभागात काम करायची. गायींचा गर्भ पाडणारा जंतू आणि माणसांना महिनोन् महिने चढउताराचा ताप आणणारा जंतू हे अगदी जवळचे नातेवाईक आहेत आणि तो कच्च्या दुधातून येऊ शकतो हे तिने १९१८ मध्ये मांडलं. लोकांनी उडवून लावलं, बाई आहे, डॉक्टरेट नाही. १९२२ मध्ये तिलाच तो आजार झाला, ब्रुसेलोसिस, आणि पुढे कितीतरी वर्षं तो मधूनमधून उलटत राहिला. त्याआधी माल्टामध्ये ब्रिटिश सैनिकांना हाच ताप यायचा, १९०५ मध्ये कळलं की बकऱ्यांमधून येतोय, सैनिकांचं बकरीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्याने उतरला. या बकऱ्याही दिसायला ठणठणीतच होत्या. आणि हे फक्त जुन्या काळचं नाही. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या गायींमध्ये बर्ड फ्लू सापडला, त्यांच्या कच्च्या दुधात जिवंत व्हायरस होता, ते दूध प्यायलेल्या गोठ्यातल्या मांजरी मेल्या, आणि पाश्चराइझ केलेल्या दुधाच्या तपासणीत जिवंत व्हायरस मिळाला नाही.

तुला जिवंत काहीतरी पोटात जायला हवंय ना, मग दही खा की. आधी तापवलेल्या दुधाचं. चांगले बॅक्टेरिया मिळतात, लॅक्टोजही कमी होतो, दूध न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना दही सोसतं.

आता धान्य. इथे मी तुझ्यावर तेवढा चिडलेलो नाही, पण तू घाई केलीस असं वाटतं.

"माणसाचं शरीर धान्यासाठी बनलेलंच नाही, शेती येऊन जेमतेम दहा हजार वर्षं झाली." हे वाक्य मीही दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना ऐकवायचो. मग वाचलं की गॅलिली सरोवराकाठी २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत जंगली बार्ली आणि गव्हाचे दाणे मिळालेत, ते दळायचा दगडसुद्धा, आणि जॉर्डनमध्ये सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत जळालेल्या ब्रेडचे तुकडे, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीचे. उलट जनावराचं दूध पिणं हे त्याहून खूप अलीकडचं आहे, आणि जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांना आजही लॅक्टोज नीट पचत नाही. तुझाच नियम लावला तर आधी दूध सुटायला हवं, धान्य नंतर.

फायटिक ॲसिडचं म्हणतोस ते खरं आहे, धान्याच्या कोंड्यात असतं आणि लोह, झिंक अडकवून ठेवतं ते. पण भिजवलं, मोड आणले, आंबवलं की ते बरंच कमी होतं, आणि सोबत सी व्हिटॅमिनचं काही खाल्लं की लोह जास्त शोषलं जातं. ज्याच्या ताटात धान्याशिवाय फारसं काही नसतं त्याला याचा फटका बसतो, तुझ्या ताटात तशी परिस्थिती नाहीये.

खरा दोष कोणाचा हे शंभर वर्षांपूर्वीच कळलंय रे. जावामध्ये आइकमन या डच डॉक्टरच्या कोंबड्या पॉलिश केलेल्या तांदळावर लुळ्या पडायच्या आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की उभ्या राहायच्या, त्या कामाला १९२९ चं नोबेल मिळालं. कोंडा आणि अंकुर काढून टाकायचा, उरलेल्या पांढऱ्या पिठाची साखर घालून बिस्किटं करायची, आणि मग शिक्षा अख्ख्या दाण्याला. गव्हाबरोबर किडे रगडले जातात म्हणतात, इथे किड्यांपायी गहू रगडला गेलाय. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात खूप अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, दिवसाला २५ ते २९ ग्रॅम फायबर खाणाऱ्यांमध्ये हृदयरोग, टाइप २ डायबेटिस, आतड्याचा कॅन्सर कमी दिसले. धान्य बंद करून तेवढं फायबर भरून काढता येतं, पण त्यासाठी डाळी, भाज्या, फळं, सुका मेवा मोजूनमापून खावं लागतं. मी सहा महिने बंद केलं होतं ना, वजन उतरलं, पण पोट साफ होणं बंद झालं आणि मी चीज-लोणीच वाढवलं होतं त्यामुळे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही वर गेलं. तुला तेव्हा फक्त वजनाचं सांगितलं होतं, बाकीचं सांगितलं नव्हतं.

पण तुला फरक पडलाय हे मी खोटं म्हणत नाहीये. फक्त कशामुळे पडला ते आपल्याला माहीत नाही. सिलिअ‍ॅक असेल, म्हणजे ग्लुटेन या गव्हातल्या प्रोटीनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं तो आजार, तर आयुष्यभर ग्लुटेनचा कणही चालत नाही, जगात साधारण शंभरात एकाला असतो. नाहीतर फ्रुक्टान असेल, गव्हातलाच एक कार्बोहायड्रेट, कांद्या-लसणातही असतो. २०१८ मध्ये नॉर्वेत स्वतःला ग्लुटेन बाधतं म्हणणारे ५९ लोक घेतले, सिलिअ‍ॅक नसलेले, त्यांना कशात काय आहे ते न सांगता खायला दिलं, तर त्रास फ्रुक्टानने जास्त झाला, ग्लुटेनने नाही. तुझं तसं असेल तर तांदूळ, ओट्स, मका यांनी तुझं काय बिघडवलंय? आणि लांब आंबवलेला गव्हाचा ब्रेडही थोडा झेपू शकतो.

अडचण ही की सिलिअ‍ॅकची रक्ताची टेस्ट ग्लुटेन खात असतानाच खरी येते. माझ्या मावसबहिणीने असंच स्वतःच्या मनाने गहू सोडला, वर्षभराने टेस्ट केली, निगेटिव्ह, सगळे निर्धास्त. हिमोग्लोबिन मात्र वर यायचं नाव घेईना, कारण अधूनमधून थोडं पोटात जातच होतं. शेवटी एका डॉक्टरने तिला सहा आठवडे रोज गहू खायला लावला, फार त्रास झाला तिला, रडायची, मग टेस्ट पॉझिटिव्ह आली. टेस्ट गहू सोडायच्या आधीच केली असती तर हे सगळं टळलं असतं. तुझे चार महिने गेलेत, म्हणून पोटाच्या डॉक्टरला दाखव, सगळं खरं सांग आणि किती दिवस गहू खाऊन टेस्ट करायची ते त्यांनाच ठरवू दे.

आणि हो, छोटीला कणीक किंवा केकचं कच्चं बॅटर चाटायला देऊ नका, पीठही कच्चंच असतं, त्यातूनही ई. कोलाय पसरल्याच्या घटना झाल्यात.

वहिनींबद्दल शेवटचं. लिस्टेरियाची लक्षणं कधीकधी दूध प्यायल्यावर दोन महिन्यांनीही दिसतात, म्हणून आजपासून दूध तापवलंत तरी पुढचे आठवडे लक्ष ठेव. ताप आला, कणकण वाटली, बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि कच्च्या दुधाचं तुम्ही आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. मी रविवारी सकाळी फोन करतो, वहिनींनाही जवळ बसव.

तुझाच