बाळ्या, तुझी चोरी सापडली

पाटण,
२८ एप्रिल २०२४

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू खो खो हसला असतास आणि विषय तिथंच बुडाला असता. शिवाय आईची ताकीद आहे, ‘त्येला पत्रच लिव्ह. पत्रातली लबाडी पत्रातच निघू दे.’ तेव्हा चष्मा लाव आणि नीट बस.

पहिली बातमी ही की आई वाचायला शिकली. पंचाहत्तरीला टेकलेली आमची आई मार्चच्या सतरा तारखेला, रविवारी, जिल्हा परिषदेच्या आपल्याच शाळेत परीक्षेला बसून आली. ज्या शाळेत आपण दोघांनी छड्या खाल्ल्या, त्याच खोलीत. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ म्हणून कार्यक्रम आहे. पंधरा वर्षांपुढच्या कुणीही यावं, शिकवणारे स्वयंसेवक, मानधन शून्य. परीक्षा १५० मार्कांची. वाचन ५०, लेखन ५०, आणि संख्याज्ञान ५०. दिवसभरात कधीही जायचं आणि तीन तासांत पेपर द्यायचा. आई सकाळी म्हशीची धार काढून, भाकऱ्या थापून अकराला गेली. नापास असा शेराच नाही, ‘सुधारणा आवश्यक’ लिहितात. आईला ते पटलं नाही. म्हणाली, ‘मंग परीक्षा कसली? पाव्हणचार हाय ह्यो.’ निकाल लागायचाय.

तिला शिक्षणाची ओढ वगैरे लागली होती असं समजू नकोस. धाकट्याची पोरगी नववीत आहे, तिला स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचं होतं आणि ॲपवर भरायला एक विद्यार्थी हवा होता. घरातल्या घरात कोण सापडणार? आजी सापडली. मी मात्र तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना बाराखडी शिकवून पगार घेतला आणि आईला एक अक्षर शिकवलं नाही. ती बँकेत अंगठा लावायची, बोटाची शाई केसात पुसायची, आणि मी शेजारी उभा राहून ‘इथं लाव, इथं’ म्हणायचो. कधी मनात आलंच नाही. आता फार कुरवाळत बसत नाही ते.

शिकली कशी, ते मात्र ऐकण्यासारखं आहे. पाटी-पेन्सिल आणली तर पहिल्या आठवड्यात सहा पेन्सिली मोडल्या. विळा धरायची सवय असलेला हात, पेन्सिलपण मुठीतच धरायची आणि दाबायची अशी की पाटी कण्हायची. पोरगी ‘अ अननसाचा’ म्हणायला लागली. आईनं विचारलं, अननस आपल्यात कुणी लावलाय? मग तिनं आपलं पुस्तक आपणच तयार केलं. अक्षरांवरची रेघ म्हणजे दांडी, तिच्यावर सगळं टांगलेलं. ट म्हणजे दांडीला अडकवलेला विळा. ठ म्हणजे टांगलेली पळी. ग म्हणजे काठी टेकून उभा राहिलेला म्हातारा. बाळ्या, मी इतकी वर्षं फळ्यावर ठ काढला, मला त्यात पळी कधी दिसली नव्हती. आता पळीच दिसते.

जोडाक्षरांपाशी गाडं अडलं. विशेषतः र. ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘ग्रह’मध्ये पोटाला तिरपा, ‘ट्रक’मध्ये पायात, आणि ‘भाकऱ्या’त आणखी तिसरंच. चार दिवस तिनं पाटीला हात लावला नाही. ‘ह्यो र लई फितूर हाय. ज्येच्या दारात जाईल तसा वाकतो.’ पोरीनं शेवटी तिला सगळे र एका कागदावर काढून दिले. तो कागद तिनं मिसरीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय. दिवसातून चारदा डबा उघडणारच.

आकड्यांत तिला कुणी काय शिकवणार? सोसायटीचं कर्ज, भिशी, दुधाचा रतीब, सगळं तोंडपाठ. सरकारी कागदावर अशा माणसाला ‘असाक्षर’ म्हणतात. निरक्षरपेक्षा सौम्य वाटावं म्हणून असेल. आई म्हणते नाव काय बी ठेवा.

तिचा हुरूप वाढावा म्हणून मी गोष्टी सांगायचो. मुरबाड तालुक्यात फांगणे गावात योगेंद्र बांगर या गुरुजींनी ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा काढली, साठी ते नव्वदीच्या बायका, सगळ्यांना गुलाबी नऊवारीचा गणवेश, पाठीला दप्तर, शाळा दुपारी दोन ते चार. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘दोन ते चार त्यांची म्हसरं कोण बघतं?’ मग केरळच्या कार्त्यायनी अम्मांचं सांगितलं. २०१८ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, त्यांना साक्षरतेच्या परीक्षेत शंभरात ९८ मिळाले. आई म्हणाली, ‘दोन मार्क कुटं गेलं?’ तेव्हापासून मी गोष्टी बंद केल्या.

आपल्याच जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती, तुला आठवायचं कारण नाही, आपण जन्मलोही नव्हतो. गावंच्या गावं साक्षर जाहीर व्हायची, देवळापुढं समारंभ व्हायचे. आमची आजी त्यात स्वतःचं नाव लिहायला शिकली होती म्हणे. पण नंतर घरात वाचायला होतं काय? पंचांगसुद्धा भटजींच्या काखेत. विसरली. आईला मी तेच म्हटलं, परीक्षा झाली की विसरशील, रोज काहीतरी वाच. पेपर आणून दिला. तिनं पेपर बाजूला सारला आणि माळ्यावरची आप्पांची ट्रंक काढायला लावली.

आता तुझी पाळी.

ट्रंकेत निळी आंतरदेशीय पत्रं होती, सुतळीनं बांधलेली. एकतीस. आप्पा लोअर परळला गावकीच्या गाळ्यात राहायचे आणि गिरणीतली रात्रपाळी करून सकाळी खोक्यावर बसून लिहायचे तेव्हाची. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, शिमग्याच्या सुमारास आप्पा वळकटी घेऊन गावी आले ते कायमचे. त्यानंतर पत्र कशाला येईल?

पत्र आलं की आई तुला हाक मारायची. तू पाचवीत, मी दुसरीत. पुढं मलाही वाचता यायला लागलं तरी तुलाच. मी किती रुसायचो त्यावर! परवा तिला कारण विचारलं. ‘तुला दिलं आसतं तर घरातलं कर्ज तुज्या डोस्क्यात बसलं आसतं. बाळ्याचं काय, वाचायचा, गूळ-शेंगा खायचा आन् इसरायचा.’ चाळीस वर्षांचा रुसवा एका वाक्यात गेला माझा.

तर आई पत्रं वाचायला बसली. बोट ठेवून, एकेक अक्षर, ओठ हलवत. एका पत्राला दोन-दोन दिवस लागायचे. आप्पांचं अक्षर तुला माहितीये, मुंग्या पळाल्यासारखं. दोन-चार पत्रं झाली आणि ती गप्प झाली. मग मागं-पुढं करायला लागली, पत्र उलटं करून मागची बाजू बघ, दुमडलेली कड उलगडून बघ. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो तर ही दिव्याखाली सगळी पत्रं पसरून बसलेली, आणि बोट भराभर ओळींवरून फिरतंय. वाचत नव्हती, शोधत होती. मी विचारलं, काय हरवलं? म्हणाली, ‘भिजू.’

‘भ हाय, त्येला वेलांटी हाय, म्होरं जू. लिवून बघितलं पाटीवर. पन ह्यात कुटंच घावंना. मी चुकती काय रं वाचाय?’

‘तू भिजू नकोस, जिवाला जप.’ पावसाळ्यातल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी आप्पांनी लिहिलेलं वाक्य. चिखलणीच्या दिवसांत डोक्यावर इरलं घेतलं की तिला ते आठवायचं. आप्पा घरात असताना कधी असलं बोलले नाहीत, पण लिहायचे ना! तिला वाटलं, आपलंच शिक्षण अर्धवट राहिलं म्हणून शब्द सापडत नाही. पोरीकडून तपासून घेतलं, मग माझ्यासमोर गठ्ठा ठेवला. मी एकतीसच्या एकतीस वाचली. बाळ्या, एकाही पत्रात ते वाक्य नाही. ‘मनीऑर्डर १२० रुपये केली आहे, पैकी ६० सोसायटीत भरणे. आईच्या गुडघ्याला तेल लावणे. कळावे.’ संपलं. सगळी पत्रं ‘भरणे’ आणि ‘लावणे’ यांनी भरलेली.

दहा वर्षांचा होतास रे तू! कुठून आणलंस ते वाक्य? तुझे वडीलही तेव्हा मुंबईलाच होते. त्यांच्या पत्रात असायचं का तुझ्या आईसाठी? का तुला आमची आई पत्र संपल्यावर तशीच बसून राहायची ते बघवत नव्हतं? का नुसता गूळ जास्त मिळावा म्हणून? खरं काय ते सांग, मी रागावणार नाही.

आणि शेळीचं पत्र. ऑगस्ट १९७९. त्यात आप्पांनी चांगली अर्धी बाजू भरून शिव्या घातल्यात, मला न विचारता शेळी विकलीस कशी म्हणून. तू वाचलंस, ‘शेळी विकली ते बरे झाले.’ आईनं तेच तोंड वर करून आजीला ऐकवलं. मग गणपतीला आप्पा आले आणि दारातच ‘शेळी’ म्हणाले तेव्हा आई हसत पुढं गेली. ते भांडण मला आठवतं. दोघांनाही समजत नव्हतं समोरचा असा का बोलतोय. आई परवा ते पत्र वाचून आधी लाल झाली आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला. ‘मेलं पोरगं! माजा संसार त्येनं वाचला गं बाई!’

पण भिजूवर ती हसली नाही. दोन दिवस पत्रं पुन्हा सुतळीत बांधून ठेवली होती. आप्पांना जाऊन दहा वर्षं झाली, त्यांना विचारायची सोय नाही. मला वाटलं आता पाटी पण माळ्यावर जाते. मनात आलं, बरं होतं की येत नव्हतं तेच. असं मास्तरानं म्हणू नये, पण आलं मनात.

तिसऱ्या दिवशी तिनं गठ्ठा सोडला. पेन्सिल घेतली आणि एकेक पत्र पुन्हा लावायला बसली. जिथं काहीतरी ऐकल्याचं आठवतं आणि कागदावर नाही, तिथं समासात फुली. बावीस पत्रांवर फुल्या झाल्यात. काही फुल्यांपाशी तिला तुझं वाक्य शब्दशः आठवतं, पोरीला न सांगता स्वतःच लिहून ठेवलंय बाजूला, मोठ्या अक्षरात, ‘जिवाला’ला दीर्घ वेलांटी देऊन. सहा-सात ठिकाणी मात्र तू काहीतरी बोलला होतास एवढंच आठवतं, काय ते नाही. तिथली जागा मोकळी सोडलीय.

त्यासाठी तू यायचंस. मे महिन्यात नातवंडांना सुट्टी असेलच, घेऊन ये सगळ्यांना. पत्रं ती वाचणार, तू फक्त समोर बसायचं आणि फुली आली की काय म्हणाला होतास ते सांगायचं. आठवत नसेल तर आत्तापासून आठवायला लाग. नवीन रचून सांगितलंस तर ती ओळखेल, तेवढी हुशार झालीय आता. शेंगा यंदा बऱ्या झाल्यात.

येताना पुण्यातून जाड लाकडाच्या पेन्सिली आण डझनभर. इथल्या मोडतात.

तुझा,
अण्णा