तुमच्या घरचा पाच आकडी नंबर

प्रिय बंड्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते लगेच फोडलं नसशील. दोन दिवस टीव्हीवर पडू दिलं असशील, 'बसू दे त्याला वाट बघत' म्हणून. चालेल. पावणेदोन वर्षं मी गप्प होतो, तेव्हा दोन दिवसांवर तुझा हक्कच आहे. तुझा फोन नंबर बदलल्याचं ताईकडून कळलं. नवा तिच्याकडे मागता आला असता, पण मग तिने "का रे?" विचारलं असतं. ते मला अजून घरात कुणालाच सांगायचं नाहीये. म्हणून पत्र.

तब्येत ठीक. शुगर काठावर, गुडघा आहे तिथेच. पुढे.

आम्ही फेब्रुवारीत समुद्रावर चाललोय. हसू नकोस. नऊ माणसं, आठ रात्री, एक लाकडी शिडाची बोट, आणि बोटीवर खलाशी सोडले तर फक्त आम्हीच. जागा राजा अम्पत. इंडोनेशियाच्या पार पूर्वेला, पापुआच्या टोकाशी दीड हजारांहून जास्त बेटं पसरलीत आणि त्यातली बहुतेक निर्मनुष्य आहेत. सोरोंग नावाच्या बंदरापर्यंत विमान, पुढे सगळं पाणीच. आईला पंचाहत्तर पूर्ण होतायत. दादाने विचारलं, काय हवं? वहिनीला वाटलं सोन्याचं काहीतरी म्हणेल. आई म्हणाली, "तळ दिसेल अशा पाण्यात पोहायचंय एकदा." तुला नवल वाटणार नाही. आपल्या पाठीला डबे बांधून विहिरीत कुणी ढकललं होतं ते तू विसरला नसशील. तुला तर दोनदा, कारण पहिल्या खेपेला तू डब्यावर भरवसा न ठेवता तिचा पदर धरलास आणि दोघंही आत गेलात.

आखणी अर्थातच माझ्या गळ्यात. 'मास्तर तक्ते करेल' हे तुझंच वाक्य, आता ते आमच्या घरात म्हण झालंय. केले तक्ते. ऑक्टोबर ते एप्रिल तिथला समुद्र बरा असतो. जूनच्या सुमारास दक्षिणेचा वारा सुटतो आणि बऱ्याच बोटी गाशा गुंडाळून कोमोडोकडे निघून जातात, म्हणून फेब्रुवारी. वहिनीला चक्रीवादळाची धास्ती होती. तिला नकाशा दाखवून सांगितलं, की विषुववृत्ताच्या इतक्या जवळ चक्रीवादळ सहसा तयार होत नाही, पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला जो पीळ बसतो तो तिथे जवळजवळ नसतोच. तिचं समाधान झालं. मग तिने मगरींचं विचारलं. खाऱ्या पाण्यातल्या मगरी त्या भागात आहेत हे मी तिला सांगितलं नाही. पण तक्त्यात लिहून ठेवलंय.

बोटीला पिनिसी म्हणतात. दक्षिण सुलावेसीच्या किनाऱ्यावर सुतार ती वाळूतच उभी करतात. ही विद्या युनेस्कोने 2017 साली वारशाच्या यादीत घेतली. दोन डोलकाठ्या, सात शिडं. चालते मात्र इंजिनावर, शिडं उघडायची ती बहुतेक फोटोपुरती. हे दादाला अजून कळलेलं नाही. तो महिनाभर खलाशांच्या गाठी शिकतोय. हॉलच्या पडद्यांच्या दोऱ्या त्याने अशा बांधल्यात की आता पडदे उघडत नाहीत.

तर आता मुद्दा.

बोटवाल्यांनी प्रत्येकाला एक फॉर्म पाठवलाय. नाव, वय, पोहता येतं का, काय खात नाही, आजार, औषधं आणि 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं' त्याचं नाव-नंबर. रविवारी सगळे आमच्याकडे जमले होते, जेवणाच्या टेबलावर नऊ फॉर्म पसरलेले. आईने चष्मा लावून आपला स्वतः भरला. पोहता येतं का, यापुढे 'उत्तम' लिहिलं आणि खाली रेघ मारली. अडचणीच्या वेळी, या रकान्यात तिने तुमच्या घरचा नंबर लिहिला.

तुझा नाही. काकांचा. तो पाच आकडी, जुना. जिन्याखालच्या काळ्या फोनचा, ज्यावर आमचे सगळे फोन यायचे आणि तू गच्चीच्या कठड्यावरून ओरडायचास, "ए मास्तर, तुमचा आलाय!" पुढे कंसात काकांचं पूर्ण नाव, आणि त्यापुढे 'शेजारी'.

दादा मोठ्याने हसला. "आईची विनोदबुद्धी बघा!" सगळेच हसले. आईही हसली, पण अर्धा क्षण उशिरा. सगळ्यांची तोंडं बघून मग हसली. बंड्या, तो अर्धा क्षण तू ओळखला असतास. त्या टेबलावर दुसऱ्या कुणाला तो दिसला नाही.

आणि हे एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. मागच्या महिन्यात पहाटे तीनला पाणी प्यायला उठलो तर आई हॉलमध्ये. साडी बदललेली, मांडीवर पर्स, दिवा न लावता सोफ्यावर ताठ बसलेली. म्हणाली, "निघायचंय ना?" मी म्हटलं, अजून वेळ आहे. "बरं," म्हणाली आणि शहाण्या मुलीसारखी जाऊन झोपली. सकाळी काही आठवत नव्हतं. बायको म्हणाली, स्वप्न पडलं असेल. मीही तेच म्हटलं. मोठ्या आवाजात म्हटलं.

आता बोटीचा नकाशा डोळ्यांपुढे आण. पाच खोल्या. तीन खाली पोटात, दोन वर डेकवर. खालच्या खोल्यांना उभा जिना, जवळजवळ शिडीच. वरच्या खोल्यांना भरपूर उजेड, वारा, आणि दार थेट डेकवर उघडणारं. दादाने आईला वरची देऊन टाकली, 'समुद्र बघत झोपेल' म्हणून. सोबतीला ताई. ताईची झोप तुला माहीत आहे. तिच्या लग्नाच्या दिवशी सनई सुरू झाल्यावरसुद्धा तिला हलवून उठवावं लागलं होतं.

परवा दुपारी खडू घेऊन गच्चीवर गेलो आणि नकाशावरून ती खोली खऱ्या मापाने काढली. पलंग, दार, डेक, कठडा. मग पलंगावरून उठल्यासारखं करून चालत गेलो. दारापर्यंत चार पावलं, दारापासून कठड्यापर्यंत तीन. कठडा माझ्या मांडीपर्यंत येईल एवढा. मी सातव्या पावलावर उभा होतो तेवढ्यात आई वाळवण उचलायला वर आली. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "या वयात लंगडी?"

रात्री बोट नांगरलेली असली तर एक वेळ ठीक. पण दक्षिणेच्या मिसूल बेटाकडून वर डॅम्पियरच्या सामुद्रधुनीकडे यायचं म्हणजे रात्रभर चालायचं. आठ नॉटने बोट मिनिटाला अडीचशे मीटर जाते. कुणी पडलेलं मिनिटभराने कळलं तर अडीचशे मीटर मागे, अंधारात, नारळाएवढं डोकं शोधायचं. आणि तिथल्या ओढी साध्या नाहीत, प्रशांत महासागराचं पाणी त्या बेटांमधून ढकललं जातं. 1860 साली वॉलेस, तो पक्ष्यांवाला इंग्रज निसर्गअभ्यासक, तिथल्याच वाइगेओ बेटाकडे निघाला होता. वाटेत एका लहान बेटावर त्याची दोन माणसं उतरली, नांगर धरेना, आणि प्रवाहाने बोट जी ओढली ती परत त्या बेटाला लागलीच नाही. ते दोघं तिथे महिनाभर अडकले. कंदमुळं, शिंपले आणि कासवाची अंडी खाऊन जगले. दादाला सांगितलं तर म्हणाला, "वा! मग जेवणाची सोय आहे तर." यावर काय बोलणार!

औषधांचं आणखी वेगळंच. बोट लागू नये म्हणून ज्या गोळ्या आणि कानामागे लावायच्या पट्ट्या मिळतात, त्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना भ्रमात टाकतात. चांगल्या माणसालाही टाकतात, मग हिचं काय? पापुआत मलेरिया आहे, त्याची औषधं आधीपासून घ्यावी लागतात, आणि त्यातल्या एका जुन्या गोळीनेही डोकं भणभणतं, भलती स्वप्नं पडतात. डॉक्टरांनी दुसरी लिहून दिली. त्यांनी विचारलं, "विस्मरणाचा काही त्रास?" आई शेजारीच बसली होती. माझ्याआधी तीच म्हणाली, "छे!" मी औषधाच्या चिठ्ठीकडे बघत राहिलो.

मला पहिल्यांदा सुचलं ते काय असेल? बाहेरून कडी. बोटीवर ती चालत नाही. लाकडी बोट, खाली इंजिन, स्वयंपाकघरात गॅस. आग लागली किंवा पाणी शिरलं तर आत कोंडलेलं माणूस गेलंच. म्हणून झोपलेल्या माणसाचं दार बाहेरून लावायचं नसतं. हे वाचलं आणि मला तू आठवलास.

काकांच्या खोलीला तू बाहेरून कडी लावलीस, तेव्हा तुझ्याच घरात, तुझ्या मेव्हण्यांसमोर मी म्हणालो होतो, "अरे, बाप आहे तो तुझा, कैदी नाही." तू काहीच बोलला नाहीस. आठ महिने बोलला नाहीस. मला वाटत राहिलं की माझं बरोबर होतं म्हणून तुला लागलं. गच्चीवर खडूने काढलेल्या त्या सातव्या पावलावर मला कळलं, की तू ती कडी कितव्या रात्री लावली असशील. त्याआधीच्या किती रात्री तू दाराला पाठ लावून झोपला असशील, तेही मी कधी विचारलं नाही. आता विचारतो. किती?

माफी वगैरे लिहायला घेतली होती. दोनदा खोडली. तुझ्यासमोर आलो की तूच काय ते ऐकव.

काका दिवेलागणीला चपला घालून दाराशी बसायचे ना? आईचंही संध्याकाळीच वाढतं. तिकडे विषुववृत्तावर सूर्य सरळ खाली पडतो, वीस-पंचवीस मिनिटांत गडद काळोख. आणि रात्र बारा महिने बारा तासांची. मी विचार करत बसतो, संध्याकाळच आखूड, म्हणजे तिची घालमेलही आखूड होईल का? की बारा तासांची रात्र तिला पुरून उरेल? असल्या प्रश्नाला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. तुला हे विचारता येतं, म्हणून विचारतोय.

तू म्हणशील, सरळ रद्द कर. तेही करून पाहिलं मनात. पण दर बुधवारी मी तिला तरण तलावावर नेतो. पाण्यात उतरली की ती जशी होती तशी होते. श्वास मोजते, माझा हात वाकडा पडतो म्हणून ओरडते, शेजारच्या पोरांना पाय कसे मारायचे ते दाखवते. बाहेर येऊन टॉवेल गुंडाळला की विचारते, आपण कशाने आलो? राजा अम्पतमध्ये साडेपाचशेच्या वर जातींचं प्रवाळ आहे म्हणतात, जगातल्या कठीण प्रवाळाच्या चारांतल्या तीन जाती तिथे सापडतात. मिसूलला न चावणाऱ्या जेलीफिशचं एक तळं आहे. आईला त्याचा फोटो दाखवला, ती रोज मागून बघते. रोज पहिल्यांदाच बघते. पुढच्या वर्षी नेऊ, हे मी कुठल्या तोंडाने म्हणू?

घरात सांगितलं तर दादा आधी चिडेल, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच सगळं रद्द करेल, आणि आईला कारण सांगेल. त्याला खोटं बोलता येत नाही. नाही सांगितलं तर वरच्या खोलीत ती आणि कुंभकर्ण ताई. तूर्त एवढंच केलंय, की 'मला उकडतं' म्हणून वरची दुसरी खोली मागून घेतलीय. आईच्या दाराबाहेर डेकवर गादी टाकून मी झोपणार. कप्तानाला मात्र खरं सांगावं लागेल, त्या चालत्या रात्री डेकवर जागा माणूस हवा. दाराला लावायची घंटाही घेतलीय, दार हललं की वाजणारी. घरी लावून पाहिली तर मांजरानेच चारदा वाजवली.

तुझं काय चाललंय? लेकीचं शिक्षण संपलं असेल. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असं ऐकलं, नीट झालं ना? तू निवृत्ती घेतोयस हे खरं की ताईच्या बातम्या? नीट लिही, मी पुढच्या पत्रात नीट विचारीन.

फॉर्म शुक्रवारी पाठवायचेत. आईच्या फॉर्ममध्ये 'विस्मरण किंवा मानसिक आजार' यापुढे हो आणि नाही असे दोन चौकोन आहेत. तिने दोन्ही मोकळे सोडलेत. उद्या रात्री 'हो'वर खूण मी करणार आहे, बहुतेक. काकांचा नंबर मात्र मी खोडलेला नाही. खाली थोडी जागा आहे. तुझा आत्ताचा नंबर पाठव, तिथे लिहितो. 'शेजारी' तसंच राहू देतो.

तुझा,
मास्तर

ता. क. दुर्बीण सापडली. आमच्याच माळ्यावर, माझ्याच ट्रंकेत, माझ्याच मफलरमध्ये गुंडाळलेली. बावीस वर्षं मी शपथेवर सांगत होतो की ती तू हरवलीस. एक शब्द बोलू नकोस. बोटीवर नेतोय, परत आलो की देतो.