डॉक्टर दवाखाना बंद करताहेत

प्रिय बंड्या,

वहिनींकडून पाठवलेला निरोप पोचला. शिव्या वगळल्या तरी बराच लांब होता. मी बरा आहे, गुडघा तसाच.

डॉक्टर दिवाळीनंतर मुलीकडे नाशिकला चाललेत, कायमचे. आणि वाडीतली मंडळी माझ्यामागे लागलीत, ‘दवाखाना तुम्हीच चालवा.’ मी तर त्यांचा नुसता मदतनीस! हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

निमित्त झालं फुरशाचं, त्या विषारी सापाचं. डॉक्टर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुंबईत, आणि संध्याकाळी भारे बांधताना बोटाला चावलेला गडी दारात. फोनवर त्यांनी सांगितलं, आधी १०८ बोलाव, मग रक्त बघ. कोऱ्या काचेच्या नळीत २ मिली घेतलं आणि २० मिनिटं नळीला हात लावला नाही. मग तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलेलं. चिठ्ठीवर वेळेसकट लिहून गाडीत बसवलं. ग्रामीण रुग्णालयात लस लागली, गडी वाचला. (तू एकदा साबणाने धुतलेली नळी आणली होतीस. साबणाने चांगलं रक्तही गोठत नाही, हे तू अजून मान्य केलेलं नाहीस.)

तेव्हापासून मी ‘डॉक्टर’. काल एक आजी म्हणाली, ‘बाटली लाव, अंगात ताकद नाही.’ म्हटलं, आजी, ५ टक्केवाल्या ५०० मिलीच्या बाटलीत साखर २५ ग्रॅम, त्यापेक्षा गोड चहा प्या. म्हणाली, ‘चहानं सुई टोचल्यासारखं वाटत नाही.’ आता बोल!

पनवेलला डॉक्टर म्हणून पाटी लावायची तुझी टूम निघाली तेव्हा मी नाही म्हटलं, आणि तू वर्षभर अबोला धरलास. आता तोच मोह माझ्या दारात. पायरी चढणाऱ्याच्या चालीवरून कळतं रे, ताप की कंबर. पण तात्यांचा गॅस आठवतो? आपण दोघांनी गॅसच म्हटलं असतं. डॉक्टरांनी ईसीजी काढायला लावला म्हणून तात्या अजून भजनात बेसूर गातात. ओळखीची दुखणी मलाही ओळखता येतात, बंड्या. बिनओळखीची गॅसच्या वेषात येतात.

मंडळींना ‘नाही’ म्हणून सांगितलंय. रागावलेत. दुधवाला हिशेब करायलाही थांबत नाही. मला आता या वयात कोण ठेवणार, हा घोर वेगळाच.

सुमीचा निकाल लागला का? तुझी शुगर उपाशीपोटीच तपास, पोहे खाऊन नको. आणि तुमच्या लॅबमध्ये जागा असेल तर खरं सांग. फक्त नळ्या मी धुणार.

तुझा,
वश्या